लँकेशायरची गिरणगावं : बर्नली, नेल्सन, डार्वेन... कुणाच्या आठवणी असतील तर इथे लिहा

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी. कधीचं लिहायचं मनात होतं, आज रविवार, बाहेर पाऊस लागलाय म्हणून बसले.

मी बर्नलीत राहते, १४ वर्षं झाली. नवरा इथल्या हॉस्पिटलात लागला म्हणून आलो, दोन वर्षांत दुसरीकडे जाऊ असं ठरलं होतं, राहिलोच. आपल्या लंडनच्या मंडळींना बर्नली म्हटलं की फुटबॉल क्लब तेवढा माहीत असतो. मँचेस्टरच्या उत्तरेला, पेनाइन डोंगराच्या कुशीत हे गाव आहे. आले त्या दिवशी टॅक्सीतून दगडी घरांच्या रांगा बघितल्या, काळवंडलेल्या, एकाला एक चिकटलेल्या, मधे ती चिंचोळी बोळ ज्याला इथे जिनेल म्हणतात, आणि रांगेच्या टोकाला गिरणीची चिमणी, आणि माझ्या पोटात एकदम काहीतरी झालं. मी लालबागला वाढले, बाबा साचेखात्यात होते, म्हणजे मागांच्या खात्यात. घराच्या खिडकीतून चिमणी दिसणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

गावाची माहिती थोडक्यात सांगते. लीड्स ते लिव्हरपूल जो कालवा जातो तो बर्नलीत भराव घालून सुमारे ६० फूट उंचीवरून नेलाय, त्यामुळे खाली रस्ता, घरं, बस, आणि वरून बोट जाताना दिसते. आपल्या मुलांना अजून त्याचं नवल वाटतं. कालव्याच्या काठाने गिरण्या उभ्या राहिल्या, कोळसा बोटीनं यायचा, कापड बोटीनं जायचं. १९१० च्या सुमाराला या एका गावात जवळजवळ १ लाख माग होते. एक लाख! नदीपासून डोंगरापर्यंत सगळं गाव एकाच वेळी खडखडत असणार.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. पहिली पाच वर्षं मी एका केअर होममध्ये काम केलं. तिथे एक आजी होत्या, तेव्हा ८८ वर्षांच्या. १४ व्या वर्षी गिरणीत लागलेल्या, चार माग सांभाळायच्या. कानाने जवळजवळ ठार बहिऱ्या. मी नवीन, माझं इंग्रजी पुस्तकी, त्यांची बोली लँकेशायरची, पहिला महिना आम्ही दोघी नुसतं हसायचो एकमेकींकडे बघून. मग माझ्या लक्षात आलं की हॉलच्या या टोकाला त्या बसतात, त्या टोकाला दुसऱ्या एक आजी, मधे टीव्ही मोठ्याने चालू, आणि या दोघी आरामात गप्पा मारतायत. आवाज नाही. फक्त ओठ. तोंड मोठं उघडून, गाल ताणून, भुवया, हात, सगळं वापरून. एक बाई काहीतरी सांगतेय आणि पलीकडची पोट धरून हसतेय, आणि मधे बसलेल्या आम्हा कुणाला एक अक्षर कळत नाही.

याला इथे मी-मॉ म्हणतात. साच्यांच्या आवाजात कान काही कामाचे नसायचे, म्हणून विणकर बाया ओठांनी बोलायच्या आणि डोळ्यांनी ऐकायच्या. लाजरा विषय असला, बाईमाणसाचं दुखणंखुपणं, तर गिरणीबाहेरही तसंच बोलायच्या म्हणे, भिंतीपलीकडे ऐकू जायला नको म्हणून.

बाबा घरी सुट्टीच्या दिवशी पण ओरडून बोलायचे. आई म्हणायची अहो हळू, शेजारी ऐकतात. आम्हाला वाटायचं स्वभावच तसा. त्या आजींच्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की बाबांना ऐकूच येत नव्हतं, गिरणी सुटली तरी आवाज डोक्यात राहिला होता. हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली आणि सात समुद्र ओलांडावे लागले, याचं अजून वाईट वाटतं.

त्या आजींची आई हाफ-टायमर होती. म्हणजे १२ व्या वर्षापासून अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. सकाळी सहाला कामावर लागलेलं पोर दुपारी वर्गात बसलं की झोपायचंच, आणि चांगले मास्तर त्यांना झोपू द्यायचे. १९१८ च्या शिक्षण कायद्याने ते बंद झालं. आईचं नाव शाळेच्या पटावर आणि गिरणीच्या पटावर एकाच वर्षी चढलं होतं असं आजी सांगायच्या.

तुमच्यापैकी कुणी ब्लॅकबर्न, प्रेस्टन, ओल्डहॅम, रॉचडेल भागात राहिलं असेल तर लिहा. घरमालकीण, शेजारी, बसस्टॉपवरचे आजोबा, कुणीही काही सांगितलेलं असेल तर तेच हवंय.

---

धोतरजोडी

ताई, सुंदर लिहिलंय. मी ब्लॅकबर्नला नऊ वर्षं होतो, आता पुण्यात. आमचा घरमालक ऐंशीच्या पुढचा, त्याने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, तू इंडियाचा ना, मग धूती नेसतोस का? मला वाटलं काहीतरी चेष्टा चाललीय. तर नाही. ब्लॅकबर्न हे धोतराचं गाव होतं! हिंदुस्थानात जाणारी धोतरं तिथे विणली जायची, आणि 'धूती' हा गिरणीतला रोजचा शब्द होता. त्याच्या आईने आयुष्यभर धोतराचे काठ विणले आणि धोतर नेसलेला माणूस जन्मात पाहिला नाही. मी पुढच्या खेपेला आजोबांचं एक जुनं जरीकाठी धोतर घेऊन गेलो आणि त्याला दाखवलं. त्याने चष्मा काढून काठ अगदी डोळ्याजवळ नेला, नखाने धागे मोजले आणि म्हणाला, हे आमचं नाही, हे हातमागाचं आहे. बरोबर होतं, नागपूरचं होतं ते.

आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७ अब्ज यार्ड सुती कापड परदेशी पाठवलं, त्यातलं ३ अब्जांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात. म्हणजे आपल्या पणजोबांच्या अंगावरचं कापड बहुतेक त्या डोंगरांतूनच आलेलं. मग पहिलं महायुद्ध, मग जपान, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, आयातीवरचा कर, स्वदेशी, असं सगळं एकामागून एक आलं आणि ते गिऱ्हाईक गेलं.

शेजारच्या डार्वेनला गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरात गेले होते, गोलमेज परिषदेला आले होते तेव्हा. स्प्रिंगव्हेलला मुक्काम होता. तेव्हा तिथे निम्म्या गिरण्यांना टाळं, आणि बहिष्काराचा पुढारी स्वतः त्यांच्या दारात आलेला. गिरणीच्या बायांनी हात उंचावून त्यांचं स्वागत केलं, तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, पण मधोमध पंचा नेसलेले गांधीजी सोडून त्या बायांचे चेहरे एकदा नीट बघा. त्यांनी तिथे सांगितलं की तुमच्याकडे ३० लाख बेकार आहेत, आमच्याकडे ३० कोटी माणसं अर्धं वर्ष बिनकामाची असतात. माझ्या घरमालकाची मावशी डार्वेनची, ती म्हणायची की भाकरी नसलेल्या माणसाला भाकरी नसलेल्याचं बोलणं कळतं. डार्वेनच्या त्या उंच चिमणीच्या गिरणीचं नाव इंडिया मिल, चिमणी ३०० फुटांच्या वर, विटांची, एखाद्या इटालियन मनोऱ्यासारखी. ती अजून उभी आहे.

---

वऱ्हाडातला_बोंड

खूपच छान धागा. मी रॉचडेलला दीड वर्ष प्रोजेक्टवर होतो, मूळ अकोल्याकडचा, घरी कापूस.

रॉचडेलच्या वर डोंगरावर रूली मूर रोड म्हणून रस्ता आहे, लोक त्याला कॉटन फेमिन रोड म्हणतात. मी शनिवारी चालायला गेलो तेव्हा नुसतं नाव वाचून गेलो होतो. वर गवत, वारा, मेंढ्या, चिटपाखरू नाही, आणि पायाखाली एकाशेजारी एक घट्ट बसवलेले घडीव दगड, मैलभर. एवढ्या उजाड माळावर एवढं नीट काम कोणी केलं? तर गिरणीतल्या बेकार विणकरांनी. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, तिकडच्या दक्षिणेकडचा कापूस यायचा थांबला, गिरण्या बंद पडल्या, आणि लाखो माणसं सूप आणि मदतीच्या तिकिटावर आली. १८६३ मध्ये कायदा करून त्यांना रस्ते, गटारं, बागा अशी कामं दिली. ज्यांची बोटं धागा जोडण्यात तयार झालेली त्यांनी हे दगड फोडलेत. मी एका दगडावर हात ठेवून बराच वेळ बसलो होतो.

आता आपला भाग. अमेरिकेचा कापूस बंद म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्याकडचा उचलला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड, जिथून मिळेल तिथून, बैलगाड्यांनी आणि जिथवर रेल्वे पोचली होती तिथून रेल्वेने मुंबईला. भाव कुठल्या कुठे गेले, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ ला युद्ध संपलं तसा तो ओसरून कितीतरी पेढ्या बुडाल्या हे आपल्याला शाळेत असतं. पण तिकडे काय झालं ते मला रॉचडेलच्या लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं. आपल्या कापसाला तिथे 'सुरत' म्हणायचे. आखूड धाग्याचा, त्यात माती, कचरा, सरकी. सारखा तुटायचा. विणकराला मजुरी कापडाच्या तुकड्यावर, धागा तुटला की माग थांबला, माग थांबला की पैसे कापले. असं सांगतात की प्रार्थनेत कुणीतरी म्हणालं, देवा, कापूस पाठव, आणि मागून आवाज आला, पण सुरती नको देवा.

मी ते ऐकलं आणि मला आधी रागच आला, आमच्या कापसाला नावं ठेवतात म्हणून. मग वाटलं की आमच्या आजोबांना तरी कुठे माहीत होतं की बोंड गाडीत भरताना त्यात जी माती राहते ती चार हजार मैलांवर कुणाच्यातरी मजुरीतून कापली जाते. व्यापारी वजन वाढवायला भेसळ करायचे ते वेगळंच.

---

पाऊसवेडी

वाचतेय. ब्रिटनच्या गावांवर इतकं आपल्या जवळचं काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, गिरणीत आतून बघायला मिळतं का अजून कुठे? आणि मी कुठेतरी 'शटलला किस करणं' असं वाचलं होतं ते नक्की काय असतं?

---

लालबागची_लेक

पाऊसवेडी, हो, बघायला मिळतं. बर्नलीच्या बाहेर हार्ल साइक नावाचं छोटं गाव आहे, तिथे क्वीन स्ट्रीट मिल. १८९४ ला गावातल्याच लोकांनी शेअर काढून उभी केली. वाफेचं इंजिन ५०० हॉर्सपॉवरचं, पहिल्या महायुद्धानंतर त्याचं नाव 'पीस' ठेवलं, म्हणजे शांती. त्यावर शेकडो लँकेशायर माग चालायचे. गिरणी १९८२ ला बंद पडली, मग म्युझियम झालं. २०१६ ला काउन्सिलच्या पैशांच्या कपातीत तेही बंद केलं होतं, नंतर थोडं थोडं उघडलं, जाताना आधी दिवस बघून जा.

१९८२. आमच्या घरात हे साल कुणी मोठ्याने उच्चारत नाही. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि बाबा पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत.

बाबांना मी इकडे आणलं तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. त्यांना लंडन दाखवलं, राणीचा राजवाडा दाखवला, हूं हूं करत बघितलं. मग हार्ल साइकला नेलं. आत गेल्या गेल्या वंगण आणि सुताचा तो वास आला आणि ते दारातच थांबले. तिथल्या माणसाने दाखवायला काही माग सुरू केले, फक्त काही, शेकड्यातले, तरी जमीन हादरायला लागली आणि नातवंडांनी कानावर हात घेतले. बाबा हसत होते. इतके हसताना मी त्यांना लहानपणापासून पाहिलं नव्हतं. माग थांबल्यावर त्यांनी विचारता न विचारता दोरीच्या पलीकडे जाऊन धोटा, म्हणजे शटल, उचलला, उलटा करून बघितला, आत सुताची रिकामी कांडी होती ती अंगठ्याने वर काढली, भरलेली बसवली, आणि धोट्याच्या बाजूच्या भोकाला तोंड लावून एक श्वास आत ओढला. धागा बाहेर. सगळं मिळून तीन सेकंद.

तो इंग्रज माणूस धावत आला, मला वाटलं आता ओरडणार. तर त्याने बाबांचा हात धरला आणि हलवतच राहिला. त्याची आई विणकर होती. पाऊसवेडी, हेच ते. शटलला किस करणं म्हणजे कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून काढणं, दिवसातून शेकडो वेळा. एकाच धोट्याला दहा जणांची तोंडं लागायची. सुताची धूळ, तेल छातीत जायचं, समोरचे दात किडायचे, क्षयाची भीती. तिथे ते १९५२ ला बंद केलं. त्याच्या आईचे पुढचे दात चाळिशीत गेले होते. बाबांनी मग आपल्या कवळीकडे बोट दाखवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मी भाषांतर करायला उभी होते पण मला काही कामच राहिलं नाही.

---

बीडीडी_तेरा_नंबर

ताई, तुमच्या बाबांचा प्रसंग वाचून डोळ्यात पाणी आलं. मी जे लिहितोय ते त्याला कमी लेखायला नाही, पण धोट्याचा विषय निघालाच आहे तर हे इथे असायला हवं.

माझे आजोबा नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे, गिरणीत ३१ वर्षं काढली, सगळी सूतकताईच्या खात्यात. साचेखात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे आम्हाला घ्यायचे नाहीत. कारण तुम्ही सांगितलंत तेच. धागा तोंडाने ओढायचा, आणि महाराने तोंड लावलेला धोटा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणजे विटाळ. १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे केला, की सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क अस्पृश्य कामगारांनाही मिळाला पाहिजे. त्याच संपात दोनाऐवजी तीन साचे सांभाळायला लावू नका ही विणकरांची तक्रार होती. आमच्या आजोबांची तक्रार अशी की आम्हाला एक तरी द्या.

मी २०१७ ला कंपनीच्या कामाने मँचेस्टरला होतो, तिथल्या एका म्युझियममध्ये धोटा काचेत ठेवला होता आणि खाली रोगराईबद्दल माहिती होती. किती लोकांची तोंडं लागायची, किती घाण, किती आजार. मी ती पाटी दोनदा वाचली. तिकडे एका धोट्याला सगळ्यांची तोंडं लागायची म्हणून कायदा झाला, आमच्याकडे एकाचं तोंड लागू नये म्हणून माणूस बाहेर ठेवला. आजोबांची छाती तशीही गेलीच, कताईखात्यातली धूळ काही कमी नव्हती.

---

लालबागची_लेक

बीडीडी_तेरा_नंबर, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी आज बाबांना फोन केला आणि सरळ विचारलं. आधी गप्प राहिले. मग म्हणाले, हो, आमच्या वेळेला चित्र थोडं बदललं होतं पण जुने जॉबर, म्हणजे मुकादम, भरतीच्या वेळी आडनाव विचारायचे, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही. एवढंच म्हणाले. मी हे त्यांच्या परवानगीने लिहितेय.

---

रिश्टनचा_लेगस्पिन

जरा वेगळं लिहितो, पण गावं हीच. क्रिकेट! या गिरणगावांची लँकेशायर लीग, प्रत्येक क्लबला एकच पगारी खेळाडू ठेवायची मुभा, बाकी सगळे गावचे, शनिवारी दुपारी गिरणी सुटली की मैदानावर. पगारी खेळाडूने पन्नास काढल्या की प्रेक्षकांत टोपी फिरवून पैसे गोळा करायचे. नेल्सनला १९२९ पासून वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन होता, मेरेडिथ स्ट्रीटवरचं त्याचं घर मी बघून आलोय, साधं रांगेतलं घर, निळी पाटी आहे. गावात तेव्हा दुसरा काळा माणूस क्वचितच, पोरं खिडकीतून डोकावून बघायची, आणि शेवटी गावाने त्याला इतकं आपलं केलं की १९६९ ला लॉर्ड झाला तेव्हा त्याने किताबात नेल्सनचं नाव घेतलं.

आणि आपली माणसं! सांगलीचे विजय हजारे रॉटनस्टॉलला, विनू मांकड हॅस्लिंग्डेनला, सुभाष गुप्ते रिश्टनला पन्नाशीच्या दशकात. मी रिश्टनला राहायचो तेव्हा क्लबात एक आजोबा होते, गुप्तेंची गुगली ओळखायची म्हणून ते पोरवयात साइटस्क्रीनच्या मागे जाऊन बसायचे. मला म्हणाले, तीन सीझन बसलो, एकदाही ओळखता आली नाही. आणि मग संत्र्यावर बोटं ठेवून मला पकड दाखवली. चेंडू कुठल्या बोटावरून सुटतो ते बरोबर दाखवलं, साठ वर्षांनी.

---

धोतरजोडी

वा! रिश्टनच्या आजोबांवरून आठवलं, माझा घरमालक वेक्स वीकचं फार सांगायचा. प्रत्येक गावाच्या गिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर एकदम बंद, गावागावाचा आठवडा वेगळा, आणि अख्खं गाव ट्रेनने ब्लॅकपूलला. गल्लीतले शेजारी तिथे समुद्रावर पण शेजारीच. वर्षभर क्लबात पेनी पेनी टाकून साठवलेले पैसे आठवड्यात उडवायचे. मागे राहिलेल्याला गावात चिमण्यांचा धूर नसल्यामुळे पलीकडचे डोंगर स्वच्छ दिसायचे, वर्षातून तेवढे दिवस. एरवी पहाटे खिडकीवर लांब काठीने टकटक करणारा नॉकर-अप, मग फरशीवर क्लॉग्जचा, म्हणजे लाकडी तळाच्या बुटांचा आवाज, शेकडो पायांचा एकदम.

शेवट त्याने पाहिला होता. १९५९ ला सरकारने कायदा केला, माग मोडीत काढा, नुकसानभरपाई घ्या. लोखंडी घणाने माग फोडले, चालते माग, ज्यांवर आदल्या आठवड्यात कापड निघालं होतं. त्या कामाला ज्यांना लावलं त्यांत काही विणकरच होते. तो स्वतः दोन दिवस गेला, तिसऱ्या दिवशी गेला नाही.

---

लालबागची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. वऱ्हाडातला_बोंड, तुमच्या त्या रस्त्यावर पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन जातेय.

माझ्या केअर होमच्या आजी २०१४ ला गेल्या. त्यांच्या नातीने मला त्यांचं एक हत्यार दिलं, ते माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. पितळी, चपटं, बोटभर लांब, टोकाला बारीक खाच, मधे अंगठ्याने घासून घासून खोलगट झालेलं. तुटलेला ताण्याचा, म्हणजे उभा धागा मागावरच्या फणीच्या दातांमधून ओढून घ्यायला विणकर ते कमरेला अडकवून ठेवायच्या. इथे त्याला रीड हूक म्हणतात. आपल्याकडे साचेखात्यात याला काय म्हणायचे कुणाला माहीत आहे का? मी बाबांना व्हिडिओवर दाखवलं तर त्यांनी लगेच ओळखलं, हाताने ओढायची खूण पण केली, पण शब्द तोंडावर येईना. म्हणाले, थांब, भायखळ्याला आमच्या खात्यातला एक जण अजून आहे, त्याला फोन करतो.